कोठार कशानं उघडलं?

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणत, आणि अगदी तोंडावर म्हणत. एकतीस वर्षं प्रुफं वाचून त्यांच्या डोळ्यांना अशी खोड लागली होती, की दुकानाची पाटी असो नाहीतर औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, वेलांटी चुकलेली दिसली की पुढचं काही त्यांना वाचताच यायचं नाही. एका लग्नाच्या पत्रिकेत 'आशीर्वाद' हा शब्द असा काही मोडूनतोडून छापला होता, की त्या लग्नालाच गेल्या नाहीत, असं त्यांची नणंद सगळ्यांना सांगत फिरायची. ते काही खरं नव्हतं. लग्नाला त्या गेल्या होत्या, फक्त पत्रिका दुरुस्त करून मुलीच्या बापाच्या हातात ठेवून आल्या होत्या.

कामाचा त्यांचा एकच नियम होता. गोष्टीत शिरायचं नाही. गोष्टीत शिरलं की डोळा पुढे पळतो आणि चुका मागे राहतात. कित्येक कादंबऱ्या त्यांनी वाचल्या, पण शेवटी कोणाचं काय झालं हे विचारलं तर त्यांना सांगता यायचं नाही. कुठल्या पानावर अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं होतं, ते मात्र सांगता यायचं.

हा नियम मोडला तो एका आचाऱ्याच्या कादंबरीनं.

मालकांनी प्रुफांचा गठ्ठा टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाले, "डोंगरावर छातीच्या आजाराचं रुग्णालय होतं ना, तिथे स्वयंपाकघर सांभाळायचे हे काका. निवृत्तीनंतर कादंबरी लिहिलीय. तीनशे पानं आहेत. लवकर उरका."

"भाषा कशी आहे?"

"मला काय विचारता? मी कागदाचं वजन बघतो."

वेलांटीबाईंनी लाल पेन उघडलं, चष्मा पुसला आणि वाचायला बसल्या. चाळिसाव्या पानापर्यंत त्यांचं पेन व्यवस्थित चाललं. मग ते हळूहळू थांबायला लागलं.

कादंबरीतही एक डोंगरावरचं रुग्णालय होतं. सत्तरेक रुग्ण, दोन वॉर्ड, एक वरचा, एक खालचा. मुख्य डॉक्टर कामासाठी शहरात गेले आणि त्याच दिवशी दरड कोसळून रस्ता बंद झाला. फोनची तार तुटली. तरी कोणी घाबरलं नाही, कारण मोठ्या सिस्टर होत्या. त्यांच्या कमरेला सतरा किल्ल्यांचा जुडगा असायचा. त्या व्हरांड्यातून चालायला लागल्या की किल्ल्या वाजायच्या आणि तो आवाज आला की लोक पांघरुणं नीट करायचे, खोकणारे खोकला दाबायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या सिस्टर भोवळ येऊन पडल्या. वाचा गेली, उजवा हात गेला. आणि किल्ल्या कंपाउंडरच्या हातात आल्या.

पुढे जे होत गेलं ते वेलांटीबाई डोळे बारीक करून वाचत राहिल्या. एकदम काही कोसळलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी जेवणाची घंटा कोणी वाजवली नाही, एवढंच. लोक आपले आपण आले, मग पुढच्या वेळी लवकर आले, मग रांगेत भांडण झालं. चौथ्या दिवशी कोणीतरी मोठ्या सिस्टरांच्या खुर्चीत बसलं. थट्टेनं बसलं, पण उठलं नाही. पाचव्या दिवशी हजेरीचं मोठं रजिस्टर फाडून चुली पेटवल्या. कोणाचा ताप किती, कोणाला कुठलं औषध, सगळं त्या चुलीत गेलं. कोठाराची किल्ली ज्याच्याकडे त्याचं सगळे ऐकायचे. कंपाउंडर वरच्या वॉर्डाला झुकतं माप देऊ लागला, तेव्हा खालच्या वॉर्डानं कोठाराबाहेर पहारा बसवला. आठव्या दिवशी दाढीवाला नावाच्या एका आडदांड माणसानं, जो पहाऱ्यावर बसून दुधाच्या पावडरचे डबे चोरत होता, कंपाउंडरशी जिन्यावर झटापट केली, किल्ल्या हिसकावल्या आणि विहिरीत फेकून दिल्या. जिन्यावरून पडून त्याचा पाय मोडला. पान २३१.

इथे वेलांटीबाई उठून पाणी प्यायल्या. मग पुन्हा बसल्या.

पान २६८. दहावा दिवस. 'आचाऱ्यानं कोठार उघडलं आणि राहिलेले डबे बाहेर काढून मधल्या अंगणात ठेवले. लोक आले, आपापला वाटा घेऊन गेले. कोणी भांडलं नाही.'

त्यांचं पेन हवेतच थांबलं. किल्ल्या तर विहिरीत गेल्या होत्या. दार तोडल्याचा कुठे उल्लेख नाही. मग?

त्यांनी मागची पानं पुन्हा चाळली. आणि एकदा शोधायला लागल्यावर आणखी सापडत गेलं. पान १९०वर आचारी पहाटे खालच्या वॉर्डातल्या बायकांना दूध देतोय. पान २०४वर पुन्हा. पण स्वयंपाकघरात पहिल्याच दिवशी पावडरचे दोनच डबे शिल्लक होते, हे पान ९६वर आचाऱ्यानंच सांगितलं होतं. चौदा बायकांना आठ दिवस दोन डब्यांत दूध? नणंद दोन माणसांच्या चहाला किती पावडर उडवते ते वेलांटीबाईंना चांगलं ठाऊक होतं.

समासात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'किल्ल्या पृ. २३१वर विहिरीत गेल्या. मग पृ. २६८वर कोठार कशानं उघडलं?'

मालकांनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. "तुम्ही कानामात्रा बघा हो. कोठाराचं लेखक बघतील."

"वाचणारा मलाच हसेल. म्हणेल, प्रुफं काय डोळे मिटून वाचली?"

"वाचणारा एवढं बघत नाही."

"मी बघते ना," वेलांटीबाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी आचारीकाका प्रुफं बघायला आले. त्रेसष्ट वय, इस्त्रीचा सदरा, बोटांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग. समोरच्या बाकावर बसून त्यांनी एकेक पान उलटलं. चुका बघून 'हो, बरोबर, बरोबर' म्हणत मान डोलावत होते. २६८वर आले आणि मान थांबली.

"हा प्रश्न खोडून टाका," ते म्हणाले.

"खोडते. पण उत्तर काय?"

"मग ते पानच काढून टाका."

वेलांटीबाईंना नवल वाटलं. लेखकांना एक ओळ काढायला सांगितली तर रक्त काढल्यासारखा चेहरा करतात, आणि हे अख्खं पान द्यायला निघाले. "अहो, पान कशाला काढायचं? 'कुलूप तोडून' एवढे दोन शब्द घातले की झालं."

"तोडलं नव्हतं."

"कादंबरी आहे ना पण?"

आचारीकाकांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि प्रुफं तशीच टाकून जिना उतरून गेले. जाताना दार लावायलाही विसरले.

घरी आल्यावर वेलांटीबाईंनी हे नणंदेला सांगितलं. नणंद भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुला ना वहिनी, दुसऱ्याच्या घरात डोकावायची हौस आहे. सापडली तुला एक फट."

"डोकावत नाहीये गं. त्या माणसाला खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरंही लिहायचं नव्हतं. असं कधी असतं का?"

"सगळ्यांचंच असतं," नणंद म्हणाली. "तू प्रुफं पोचवायच्या निमित्तानं जाणार, हे मला आत्ताच कळलं. फक्त जेवून जा."

रविवारी सकाळी त्या गेल्या. दोन खोल्यांचं घर, भांडी आरशासारखी. आचारीकाकांनी त्यांना बसवलं, चहा टाकला आणि ओट्याकडे तोंड करून, पाठमोरेच बोलायला लागले. कदाचित तसं बोलणं त्यांना सोपं वाटलं असावं.

"चौतीस वर्षांत हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"म्हणजे हे सगळं खरंच घडलेलं आहे?"

"घडलेलं आहे. कोठाराचं कुलूप दाराच्या आतच बसवलेलं होतं, जुनं. किल्ली फिरायची, खट् असा आवाज व्हायचा, पण जीभ बाहेर यायचीच नाही. कित्येक वर्षं मोडलेलं होतं. दार जड आणि खाली टेकलेलं, म्हणून ढकललं तर हलायचं नाही, लोकांना वाटायचं कुलूप आहे. जरा वर उचलून ओढलं की उघडायचं. मोठ्या सिस्टरांनी मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात दाखवलं. म्हणाल्या, 'हे तुला आणि मला माहीत. दुरुस्त करायला कोणी येत नाही आणि तशी गरजही नाही. लोक कुलपाला घाबरत नाहीत, मला घाबरतात.' त्या रोज किल्ली लावायच्या. खट्. रोज काढायच्या. खट्."

"आणि कंपाउंडर?"

"तोही तेच करायचा. किल्ली फिरवायचा, दार उचलून ओढायचा. त्याला वाटायचं, दार जड आहे. मी बघत असायचो."

चहा उतू जाणार तेवढ्यात त्यांनी आच कमी केली.

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तासाभरात कोठार साफ झालं असतं. म्हणून गप्प राहिलो. हे अजूनही मला चुकीचं वाटत नाही. पण खालच्या वॉर्डातल्या बायकांना कंपाउंडर काही देईना. मग पहाटे, पहाऱ्यावरचा माणूस तोंड धुवायला जायचा तेवढ्या दहा मिनिटांत मी आत शिरायचो आणि एक-दोन डबे काढायचो. चोरून. डबे कमी व्हायला लागले."

वेलांटीबाईंच्या लक्षात यायला लागलं. "आणि आळ पहाऱ्यावरच्या माणसावर आला."

"कंपाउंडर म्हणाला, पहारा तुझा, मग डबे तूच नेलेस. तो म्हणाला, किल्ली तुझ्याकडे, मग तूच नेलेस. दोघांचंही बरोबरच होतं की. आठव्या दिवशी सकाळी जिन्याच्या वरच्या टोकाला जुंपली. त्या वेळी मी जिन्याच्या पायथ्याशी, कोठाराच्या आत होतो. दोन्ही हातांत डबे." ते आता वळले. "मी तोंड उघडलं होतं हो. 'थांबा' म्हणणार होतो. पण बाहेर आलो असतो तर हातातले डबे सगळ्यांना दिसले असते. मी एक क्षण थांबलो, आणि तेवढ्यात तो जिन्यावरून आला तो थेट दारावर आदळला. माझ्या दारावर. मी आत, तो बाहेर. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला."

"मग?"

"त्याला उचलून नेईपर्यंत आत उभा राहिलो. मग डबे बायकांना पोचवले. डॉक्टर नव्हतेच. चार दिवसांनी रस्ता मोकळा झाला तोवर हाड वेडंवाकडं बसलेलं. सात महिने तो पडून होता. अजून काठी घेऊन चालतो."

वेलांटीबाईंनी कप हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत. "कादंबरीत तर तो चोर आहे. आणि दाढीवाला."

"दाढी त्याला नव्हती. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर होता, चांगला माणूस. मी त्याला वाईट केलं, कारण वाईट माणसाचा पाय मोडला की वाचणाऱ्याला वाईट वाटत नाही." फडक्यानं ओटा पुसत ते म्हणाले, "लिहिणाऱ्यालाही नाही."

"आता कुठे आहे तो?"

"चार गल्ल्या सोडून राहतो. माझ्या बहिणीचा नवरा आहे."

प्रुफांचा गठ्ठा वेलांटीबाईंनी टेबलावर सरळ करून ठेवला. "काका, मी फक्त चूक कुठे आहे ते दाखवते. दुरुस्ती ज्याची त्यानं करायची असते," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरताना त्यांना वाटलं, हे जरा जास्तच कोरडं झालं.

तीन आठवडे काही कळलं नाही. मालक रोज विचारायचे, "कोठार उघडलं का?" मग एका दुपारी आचारीकाका आले. त्रेचाळीस नवी पानं, हातानं लिहिलेली. वेलांटीबाईंनी ती तिथेच वाचली. एकही वेलांटी त्यांना दिसली नाही. वाचून झाल्यावर मागे जाऊन पुन्हा वेलांट्यांसाठी वाचावी लागली, इतकं त्यांचं भान सुटलं होतं.

"छापायच्या आधी दाजींना वाचून दाखवणार आहे," काका म्हणाले. "तुम्ही याल का? एकटा गेलो तर दारातूनच परत येईन."

"मी तिऱ्हाईत बाई, मी कशाला?"

"प्रश्न तुमचा होता."

त्या गेल्या.

ड्रायव्हरचं घर तळमजल्यावर होतं. जिना नको म्हणून मुद्दाम घेतलेलं. दार काकांच्या बहिणीनं उघडलं. छप्पन-सत्तावन्नच्या त्या बाईंना काका अजूनही छकुली म्हणत होते. आत खिडकीशी दाजी बसले होते, भरघोस पांढऱ्या मिशा, खुर्चीला टेकवलेली काठी.

"या आचारी! आज पाहुणे घेऊन आलात?"

"दाजी, थोडं वाचून दाखवायचंय. मधे बोलू नका. मी थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही."

आणि काका वाचायला लागले. आवाज सुरुवातीला बारीक होता, मग सरळ झाला. कुलूप, खट्, उचलून ओढायचं दार, दहा मिनिटं, दोन डबे. दारामागे उभा राहिलेला माणूस. वेलांटीबाई दाजींच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. वाटलं होतं तसा तो रागानं लाल वगैरे झाला नाही. ते लक्ष देऊन ऐकत होते, गाडीचा आवाज कुठून येतोय ते ड्रायव्हर ऐकतो तसं.

वाचून संपलं. मग दाजींनी विचारलं, "कसं ओढायचं म्हणालास?"

"जरा वर उचलून."

"एका हातानं?"

"दोन हातांनी. कडीला धरून."

"मी त्या दाराला पाठ लावून पाच दिवस बसलो होतो," दाजी म्हणाले. "दुसऱ्या कोणाला ओढू दिलं नाही, आणि मी स्वतः एकदाही ओढून बघितलं नाही. एकदाही नाही. असं कसं?"

ते हा प्रश्न खरोखरच विचारत होते, पण कोणाला, ते कळत नव्हतं. वेलांटीबाईंना वाटलं, हा माणूस आता हसेल. पण तेवढ्यात त्यांचा चेहरा बदलला.

"म्हणजे डबे तू नेलेस."

"हो."

"चौतीस वर्षं मी कंपाउंडरला चोर समजलो. आम्ही एका ताटात जेवलेली माणसं. त्यानं मला दोनदा पत्र पाठवलं, मी फोडलंसुद्धा नाही. सहा वर्षांपूर्वी तो गेला. ही म्हणाली, जाऊन या. मी गेलो नाही."

काका मान खाली घालून बसले होते. छकुली आतापर्यंत दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती वेलांटीबाईंकडे वळून म्हणाली, "दादानं तुम्हाला सांगितलं नसेल. त्या चौदा बायकांत मी होते. मी तिथे होते म्हणूनच त्यानं तिथली नोकरी धरली होती. ते दूध मी प्यायलेय."

वेलांटीबाईंनी काकांकडे बघितलं. त्रेचाळीस पानांत हे कुठेच नव्हतं.

"तिला यात ओढायचं नव्हतं," काका पुटपुटले.

"मला ओढायचं नव्हतं, की तुला बरं दिसायचं होतं?" छकुली म्हणाली. "चौदा परक्या बायकांसाठी केलं म्हणजे मोठेपणा. बहिणीसाठी केलं म्हणजे चोरी. होय ना?" आणि मग नवऱ्याकडे वळून, आवाज मऊ करून, "अहो, पण तुम्ही तिथे पडून राहिलात म्हणून तर मी तुम्हाला पेपर वाचून दाखवायला येत होते..."

"ते गणित मला सांगू नकोस," दाजी म्हणाले. "ते वेगळं आणि हे वेगळं." त्यांनी काठी घेतली, उठले, दारापर्यंत चालत गेले आणि दार उघडून धरलं. "आचारी, तू जा आता. बाई, तुम्ही चहा घेऊन जा."

वेलांटीबाईंनी चहा घेतला नाही.

त्यानंतर दोन महिने दाजी मेहुण्याशी बोलले नाहीत. छकुलीचा फोन यायचा, पण काकांना घरी बोलवायची सोय नव्हती. काकांनी आणखी अकरा पानं लिहिली, बहिणीची. ती आणून देताना म्हणाले, "छापू नका अजून. दाजी हो म्हणेपर्यंत राहू दे."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही."

मालकांचा जीव कासावीस व्हायला लागला. यंत्र अडलेलं, कागद आणून ठेवलेला. पण वेलांटीबाईंनी गठ्ठा आपल्या खणात ठेवला आणि वर शब्दकोश ठेवला, जो उचलायची मालकांची हिंमत नव्हती. रिकाम्या वेळात त्या तीच पानं पुन्हा वाचत. एक गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. किल्ल्या होत्या तोवर लोक एकमेकांच्या उरावर बसले. किल्ल्या गेल्या, आणि नवव्या, दहाव्या, अकराव्या दिवशी तिथे शांतता होती. कोणीतरी घंटा वाजवायला लागलं. कोणी हे मुद्दाम ठरवलं नव्हतं. असं का झालं असेल? काकांना विचारलं तर ते म्हणाले, "दमले असतील." ते उत्तर त्यांना पटलं नाही, पण दुसरंही सुचलं नाही.

मग एका सोमवारी जिन्यावर काठीचा आवाज आला. एक पायरी, थांबा, एक पायरी, थांबा. मालक धावले, पण दाजींनी त्यांना हातानं बाजूला केलं आणि स्वतःच वर येऊन वेलांटीबाईंच्या समोरच्या बाकावर टेकले. धाप लागली होती. खिशातून त्यांनी घडी केलेला कागद काढला.

"हिनं भावाकडून जुनं बाड आणून मला सगळी कादंबरी वाचून दाखवली. चुका आहेत. लिहून घ्या."

वेलांटीबाईंनी लाल पेन उघडलं.

"एक. जिन्याला बावीस पायऱ्या लिहिल्यात. एकोणीस होत्या. मी प्रत्येकीवर आपटलोय, मला माहीत आहे."

"एकोणीस."

"दोन. दाढी काढा. मिशा होत्या, तेव्हाही."

"दाढी त्यांनी आधीच काढलीय."

"बरं. तीन." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "किल्ल्या विहिरीत गेल्या नाहीत."

पेन थांबलं. "मग?"

"पडलो तेव्हा जुडगा माझ्याच मुठीत होता. मला उचलून वरच्या खोलीत ठेवलं. खिडकीखाली दरी. पाय असा पेटलेला, आणि बाहेर लोक ओरडतायत, किल्ल्या कुठे, किल्ल्या कुठे. मी फेकल्या. दरीत. मग मला वाटलं, आता हे मूर्ख दरीत शोधायला उतरतील आणि आणखी चार पाय मोडतील. म्हणून सांगितलं, विहिरीत टाकल्या. ती विहीर इतकी खोल होती, की तिथे कोणी उतरणार नव्हतं. ऐकल्यावर सगळे गप्पच झाले. एकजण तर खाली बसून रडायला लागला. मला वाटतं, बरं वाटलं असावं त्याला."

वेलांटीबाईंनी हे शब्द न् शब्द लिहून घेतलं. मग विचारलं, "हे काकांना माहीत आहे?"

"कोणालाच माहीत नाही. त्यानं एक लपवलं, मी एक लपवलं. त्याचं मोठं, माझं लहान, हे मी सोडणार नाही." दाजींनी कागदाची घडी घातली. "त्याला सांगा, छाप म्हणावं. कंपाउंडरचं नाव मात्र साफ झालं पाहिजे. त्याच्या मुलीला पहिली प्रत मी नेऊन देणार. आणि तिच्यासमोर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही, ते तोवर सुचलं पाहिजे."

"तुम्ही स्वतःच सांगा ना काकांना. मी बोलावते."

"आज नको," दाजी म्हणाले. पण उठलेही नाहीत.

वेलांटीबाईंनी फोन केला. आचारीकाका वीस मिनिटांत आले, बहुतेक पळतच, कारण सदऱ्याला इस्त्री नव्हती. दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले. बराच वेळ एकमेकांशी न बोलता वेलांटीबाईंशी बोलत राहिले.

"त्यांना विचारा, पायऱ्या एकोणीस कशा? मी रोज पातेलं घेऊन चढायचो. बावीसच."

"त्यांना सांगा, खालच्या तीन अंगणाच्या होत्या. त्या जिन्यात धरत नाहीत."

"त्यांना विचारा, किल्ल्या दरीत टाकताना एकदाही वाटलं नाही, आचाऱ्याला सांगावं?"

"त्यांना सांगा," दाजी म्हणाले, आणि मग चिडून थेट मेहुण्याकडेच वळले, "अरे, तू मला सांगितलंस का?"

मालक दारातून डोकावले. "मग, छापायला घेऊ?"

"थांबा!" दोघं एकदम म्हणाले.

पुढचे चार दिवस ते दोघं रोज येत होते. पहिल्या दिवशी दाजी काकांनी पुढे केलेला हात न धरता जिना उतरले, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी धरला की नाही ते वेलांटीबाईंनी बघितलं नाही, कारण त्या शेवटची प्रुफं वाचत होत्या. चौथ्या दिवशी दुपारी छकुली आली. ती पहिल्यांदाच छापखान्यात येत होती. शाईचा वास घेतला, यंत्राला वळसा घातला, आणि टेबलाशी येऊन म्हणाली, "माझी अकरा पानं वाचली. चांगली आहेत. फक्त एक वाक्य घालायचंय."

"सांगा," वेलांटीबाई म्हणाल्या.

"त्या दुधात गुठळ्या असायच्या. एवढाल्या. आम्ही चौदाजणी नाक धरून प्यायचो."

आचारीकाका ताडकन उभे राहिले. "छकुले! पाणी कोमट होतं. चूल मी तरी किती पेटवणार, धूर दिसला असता! अंधारात, चमच्याशिवाय, हातानं ढवळलंय ते दूध."

"मग तेही लिही," दाजी म्हणाले.

काका पुन्हा खाली बसले. वेलांटीबाईंनी समासात खूण केली आणि कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.